टॅली जुळते आहे

गेल्या जून महिन्यात आमच्या धर्मग्रामात कुटुंबनोंदणीचे काम चालू होते. दोन तरुण मुले तक्ते घेऊन वसईच्या पावसात घरोघर फिरत होती. आमच्या ओटीवर बसून त्यांनी नावे लिहिली, वये लिहिली, शिक्षण लिहिले आणि 'व्यवसाय' या रकान्यापाशी येऊन पेन थांबले. आम्ही नेहमीप्रमाणे "कॉम्प्युटर" असे सांगून मोकळे झालो. झोपाळ्यावर आमचे वडील बसले होते. वय वर्षे ८४. पण कान अजून तिखट.

"कॉम्प्युटर हे यंत्राचं नाव झालं रे," ते म्हणाले. "लोहाराला धंदा विचारला तर तो 'हातोडा' म्हणून सांगतो का?"

मुलांसमोर आमची फजिती झाली. तेव्हा जरा नेमके सांगावे म्हणून आम्ही म्हणालो, "बाबा, कंटेनरचे गट सांभाळायचं काम आहे."

"कंटेनर?" त्यांनी पाय टेकवून झोपाळा थांबविला. "ज्यानं आमची गोदी रिकामी केली, तोच?"

मुले हसली. रकान्यात अखेर 'नोकरी' एवढाच शब्द पडला आणि मुले छत्र्या उघडून शेजारच्या घराकडे गेली. वडिलांचे समाधान मात्र झाले नव्हते. त्यांस समजेल असे उत्तर द्यावयास आम्हांस पुढील तीन रविवार लागले; आणि ते देता देता, आमच्या हातून घडलेली व घरात कोणासही न सांगितलेली एक गोष्टही सांगून झाली. तीच येथे लिहीत आहोत.

आमचे वडील मुंबई बंदराच्या इंदिरा गोदीत टॅली क्लार्क होते. जुन्या माणसांच्या तोंडी तिचे नाव अलेक्झांड्रा डॉक. जहाजातून काय उतरावयाचे आहे, याची यादी आधीच आलेली असे. तिला मॅनिफेस्ट म्हणत. प्रत्यक्षात काय उतरले, हे धक्क्यावर उभे राहून मोजावयाचे ते टॅली क्लार्कने. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, असे पाचाचे एकेक जुडगे. पाळी संपली की यादी आणि मोजणी यांचा मेळ घालावयाचा. फरक निघाला तर तो कोठे पडला हे शोधावयाचे. गोणी फाटकी असेल, पेटीची फळी निखळली असेल, तर तसा शेरा मारावयाचा. "मोजणारे पुष्कळ असतात," असे ते आजही म्हणतात, "शेरा लिहील तो क्लार्क."

या शेऱ्यांच्या जगावर पत्र्याची पेटी येऊन आदळली. माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन ट्रकमालकाने २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' या जुन्या तेलवाहू जहाजावर ५८ कंटेनर चढवून ते नेवार्कहून ह्यूस्टनला धाडले, तेथून या कथेचा आरंभ होतो. आमच्याकडे ती लाट उशिरा आली. १९८९ साली खाडीपलीकडे न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले आणि पेट्यांची वाहतूक हळूहळू तिकडे वळली. दाराला सील, दारावर क्रमांक. आतील गोण्या धक्क्यावर मोजावयाचे कारणच उरले नाही. वडिलांनी मुदतीपूर्वी निवृत्ती पत्करली. त्यानंतर कित्येक महिने ते सकाळी साडेपाचला उठून, डबा नसतानाही, स्टेशनापर्यंत चालत जात आणि परत येत.

अशा गृहस्थांस कंटेनरचे गुणगान ऐकवावयाचे म्हणजे अवघडच. पण वस्तुस्थिती सांगणे भाग होते. आमच्या धंद्यातही गोणीसारखाच प्रश्न होता. संगणकावर चालणारा कोणताही कार्यक्रम एकटा चालत नाही. त्यास विशिष्ट भाषेची विशिष्ट आवृत्ती लागते, दहा ठिकाणची लहानमोठी साधने लागतात, काही मांडणी लागते. लिहिणाऱ्याच्या टेबलावर तो धावतो आणि दुसऱ्या यंत्रावर नेला की आडतो. 'माझ्याकडे तर चालतंय' हे आमच्या व्यवसायातील सर्वांत जुने व सर्वांत निरुपयोगी वाक्य आहे. त्यावर उपाय म्हणून कार्यक्रम आणि त्यास लागणारे सारे सामान एकाच पेटीत बंद करून पेटीच यंत्रावर ठेवावयाची, ही कल्पना पुढे आली. २०१३ साली ती सर्वांच्या हाती देणारे जे साधन निघाले त्याचे नाव डॉकर. डॉकर म्हणजे गोदीत राबणारा माणूस. हे ऐकून वडील प्रथमच हसले. "माणूस काढला आणि त्याचं नाव ठेवून घेतलं," ते म्हणाले.

पेट्या झाल्या, त्या सांभाळावयाच्या कोणी? पाच-दहा असतील तर माणूस सांभाळील. शेकडो असतील तर? कोणती पेटी कोणत्या यंत्रावर ठेवावयाची, एखादी बंद पडली तर काय करावयाचे, जुनी काढून नवी बसविताना काम थांबू नये म्हणून काय करावयाचे, हे पाहणारी व्यवस्था गूगल कंपनीने २०१४ साली सर्वांसाठी खुली केली. तिची पहिली पक्की आवृत्ती जुलै २०१५ मध्ये आली आणि त्याच सुमारास ती एका सामाईक प्रतिष्ठानाच्या हवाली करण्यात आली. तिचे नाव कुबरनेटीज. शब्द ग्रीक आहे. अर्थ सुकाणू धरणारा, आपल्या कोळी बांधवांच्या भाषेत तांडेल. प्रेषितांच्या कृत्यांतील सत्ताविसाव्या अध्यायात संत पौलाला रोमकडे नेणाऱ्या जहाजावर जो तांडेल आहे, त्याच्यासाठी मूळ ग्रीकमध्ये हाच शब्द आला आहे. शताधिपतीने कैदी पौलाचे न ऐकता त्या तांडेलाचे आणि जहाजमालकाचे ऐकले, आणि जहाज फुटले. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात हा प्रसंग नसावा. आमच्या मनात तो अलीकडे वारंवार येतो. का, ते पुढे कळेल.

कुबरनेटीज पेट्या सुट्या हाताळीत नाही. तिचा सर्वांत लहान घटक म्हणजे पॉड. एक किंवा अधिक कंटेनर मिळून एक पॉड. देवमाशांच्या कळपाला इंग्रजीत पॉड म्हणतात, आणि वाटाण्याच्या शेंगेलाही. आम्हांस शेंगच बरी वाटते. वालाच्या शेंगेत दाणे वेगळे, पण टरफल एक. पॉडमधील कंटेनर एकाच यंत्रावर असतात, त्यांचा जाळ्यावरील पत्ता एकच असतो, काही साठवणही सामाईक असते, आणि पॉड काढला की सगळे एकत्रच जातात. आमच्या अहवालांच्या पॉडमध्ये दोन कंटेनर होते: एक अहवाल तयार करणारा, दुसरा त्याच्या शेजारी बसून त्याच्या नोंदी बाहेर पाठविणारा. पॉड ज्या यंत्रावर राहतो त्यास नोड म्हणतात. प्रत्येक नोडवर एक देखरेख करणारा असतो. त्यास आम्ही वडिलांसमोर मुकादम म्हटले आणि पुढे तेच नाव चालविले. पॉडमधला एखादा कंटेनर कोसळला तर मुकादम त्यास जागच्या जागी पुन्हा उभा करतो. सारा पॉडच गेला, किंवा नोडच बंद पडला, तर वरून दुसऱ्या यंत्रावर नवा पॉड धाडला जातो.

"बदली," वडील म्हणाले.

अगदी बदली. गोदीत आणि गिरणीत टोळीतला माणूस आला नाही तर नाक्यावर उभा असलेला बदली त्याच्या जागी लागे. टोळीची संख्या पुरी झाली पाहिजे, एवढेच. आमच्याकडे हे पाहणाऱ्यास रेप्लिकासेट म्हणतात. तीन प्रती हव्यात असे त्यास सांगितले की तो अहोरात्र मोजीत राहतो. दोन झाल्या तर एक उभी करतो, चार झाल्या तर एक काढतो. आपली माणसे कोणती हे तो नावावरून ओळखीत नाही. पॉडला चिकटविलेल्या चिठ्ठ्यांवरून, म्हणजे लेबलांवरून, ओळखतो. नावात ओळखण्यासारखे काही नसतेच. कार्यक्रमाच्या नावापुढे निरर्थक अक्षरांची शेपटी. जो बदली येतो त्याची शेपटी निराळी. फक्त ज्यांच्यापाशी स्वतःची साठवण आहे, उदाहरणार्थ माहितीसाठे, त्यांचीच ० १ २ अशी कायम नावे राखण्याची निराळी सोय आहे. त्यांतला एक गेला तर त्याच नावाने, त्याच साठवणीवर दुसरा येतो. बाकीचे सारे बदली.

रेप्लिकासेटच्या वर आणखी एक अधिकारी असतो, डिप्लॉयमेंट. कार्यक्रमाची नवी आवृत्ती आली की तो नवी टोळी उभी करीत जुनी एकेक करून मोडतो आणि बिघडले तर मागे फिरण्याची वाट राखतो. हे सारे त्यास सांगावयाचे ते यॅमल नावाच्या पद्धतीने लिहिलेल्या कागदावर. या कागदाचे वैशिष्ट्य असे की त्यात 'हे कर, ते कर' असे काही नसते. 'असे असावे' एवढेच असते. या कार्यक्रमाच्या तीन प्रती असाव्यात. प्रत्येकीस एवढी स्मृती राखीव असावी, एवढ्याहून अधिक वापरू नये. मग प्रत्यक्षात काय आहे ते पाहून, दोहोंतील फरक मिटविण्याचे काम व्यवस्था करते, आणि हे मोजणे कधीच संपत नाही. त्या कागदास आमच्या धंद्यात मॅनिफेस्टच म्हणतात, हे आम्ही वडिलांस सांगितले तेव्हा त्यांनी झोपाळा दुसऱ्यांदा थांबविला. जाता जाता सांगावयाचे तर, या यॅमलमध्ये ओळीच्या आरंभी किती मोकळी जागा सोडली आहे यावर अर्थ ठरतो. एका जागेच्या फरकापायी आम्ही एक संपूर्ण दुपार घालविली आहे, आणि ती चूक अखेर एका शिकाऊ मुलीने चहा पिता पिता दाखविली.

आता त्या गोष्टीकडे वळतो.

आम्ही ज्या संस्थेत नोकरी करतो तिच्याकडे रुग्णालयांच्या प्रयोगशाळांतील तपासणी-अहवाल डॉक्टरांच्या पडद्यापर्यंत पोहोचविण्याचे काम आहे. पूर्वी हे काम दोन मोठ्या यंत्रांवर चाले आणि रात्रपाळीस एक गृहस्थ त्यांच्यापाशी बसत. वयाने आमच्याहून वडील. सारे त्यांस काका म्हणत. त्यांचे शिक्षण बेताचे. पण यंत्रखोलीच्या पंख्यांच्या आवाजावरून कोणत्या यंत्रावर भार चढला आहे हे ते सांगत, आणि ते बहुधा खरे निघे. त्यांच्यापाशी एक लांब वही असे. रात्री जे जे घडे ते त्यात लिहीत.

२०२२ साली आम्ही सारे काम कुबरनेटीजवर नेले. ते नेणाऱ्यांत आम्ही प्रमुख होतो. आता यंत्रखोलीत कोणी बसण्याचे कारण नव्हते. पडेल ते आपोआप उठणार होते. व्यवस्थापनाने लेखी अभिप्राय मागविला. 'रात्रपाळीची आवश्यकता उरत नाही' हे वाक्य आम्हीच लिहिले. ते खोटे नव्हते, असे त्या वेळी आम्हांस प्रामाणिकपणे वाटत होते. काकांपुढे दोन पर्याय ठेवण्यात आले: दुसऱ्या खात्यात दिवसा फोन घेण्याचे काम, अथवा पैसे घेऊन निवृत्ती. त्यांनी दुसरा पर्याय घेतला. शेवटच्या दिवशी त्यांनी दोन वह्या आमच्या टेबलावर आणून ठेवल्या. "कधी लागल्या तर," एवढेच ते म्हणाले. आम्ही त्यांचे आभार मानले आणि वह्या कपाटात ठेवल्या. उघडून पाहिल्या नाहीत.

कुबरनेटीजमध्ये पॉड काढावयाचा झाला तर त्यास आधी सूचना मिळते आणि हातातले काम आवरण्यास, दुसरे काही ठरविले नसेल तर, ३० सेकंद दिले जातात. काकांना तीन महिने मिळाले होते. ही तुलना वडिलांसमोर आमच्या तोंडून निघून गेली; ते काही बोलले नाहीत.

पुढले वर्ष शांततेचे गेले. पडद्यावर प्रत्येक कार्यक्रमापुढे किती प्रती हव्या आणि किती आहेत हे दिसे. अहवालांपुढे तीनपैकी तीन. रात्री फोन येणे बंद झाले. ज्येष्ठांनी आमची पाठ थोपटली आणि आम्ही ती थोपटून घेतली.

२०२३ च्या ऑगस्टमधील एका सोमवारी, सकाळी ९ वाजून २० मिनिटांनी, अहवाल उघडेनासे झाले. ऑगस्ट म्हणजे मुंबईत तापाचा हंगाम. मलेरिया, डेंग्यू; रुग्णालये भरलेली आणि प्रत्येक खाटेचा सकाळचा रक्ताचा अहवाल डॉक्टर फेरीस निघण्याआधी हवा असतो. एका रुग्णालयातून परिचारिकेचा फोन थेट आमच्या टेबलावर आला. कोणी जोडून दिला कोण जाणे. तिने रागावण्यात वेळ घालविला नाही. "सर, तीन नावं सांगते, त्यांच्या प्लेटलेट किती आल्या तेवढंच बघून सांगा." आम्हांस ते सांगता येत नव्हते. आमच्यासमोरही तोच रिकामा पडदा होता.

काय झाले होते? अहवाल तयार करणाऱ्या कंटेनरला ५१२ मेगाबाइट स्मृतीची मर्यादा घातली होती. ती ओलांडली की त्यास सूचना नाही, ३० सेकंद नाहीत. यंत्र त्यास तत्क्षणी ठार करते आणि १३७ हा आकडा मागे राहतो. तिन्ही प्रती जवळजवळ भरत आल्या होत्या. सोमवारच्या गर्दीत त्यांतली एक पडली. तिच्या वाट्याची कामे उरलेल्या दोघींवर गेली, त्या आधीच काठोकाठ, त्याही पडल्या. पहिली उठली तो तिघींचा भार तिच्या एकटीवर. ती पुन्हा पडली. मुकादम पडलेल्यास पुन्हा उठवितो खरा. पण कोणी वारंवार पडू लागला की तो दर खेपेस अधिक थांबतो. दहा सेकंद, वीस, चाळीस, असे दुप्पट होत होत कमाल पाच मिनिटे. एरवी ही शहाणपणाची सोय आहे. त्या सकाळी ती पाच-पाच मिनिटे आम्ही घड्याळाकडे पाहत मोजली.

घाईत आम्ही तीनच्या सहा प्रती करा असे कागदावर लिहिले. नव्या तीन प्रती ताटकळत राहिल्या, कारण त्यांच्यासाठी राखून ठेवण्याएवढी जागा कोणत्याच नोडवर शिल्लक नव्हती. मग सहाचे पुन्हा तीन केले आणि स्मृतीची मर्यादा दुप्पट केली. तेही अडले. जुनी प्रत मोडण्याआधी नवी उभी करावयाची असा नियम आम्हीच ठेवला होता, आणि एका नव्या प्रतीपुरतीही जागा नव्हती. अखेर चाचणीसाठी चालविलेले पॉड बंद करून जागा मोकळी केली. १० वाजून १२ मिनिटांनी पडदे भरले. बावन्न मिनिटे. प्रयोगशाळांतील लोकांनी तोवर आकडे कागदावर लिहून वॉर्डात पळविले होते. फोनवरून वाचून दाखविले होते. कोणास अपाय झाला नाही, असे आम्हांस नंतर कळविण्यात आले. त्या परिचारिकेची तीन नावे आजही आमच्या ध्यानात आहेत.

मग शोध सुरू झाला. कार्यक्रमात एक खोट होती: तयार झालेला प्रत्येक अहवाल तो एका यादीत ठेवी आणि काही विशिष्ट प्रसंगी यादीतून काढावयास विसरे. स्मृती थेंबथेंबाने भरत जाई. ही खोट नवी नव्हती; कित्येक वर्षांची होती. मग आम्हांस कळली कशी नाही? कारण व्यवस्था तिचे काम चोख करीत होती. प्रती दर तीन-चार दिवसांनी पडत, एकेक, वेगवेगळ्या वेळी. मुकादम क्षणार्धात उठवी. आणि पडद्यावर तीनपैकी तीनच दिसत. कोण किती वेळा पडला याचा आकडा असतो, पण तो त्या पॉडपुरता. दर आठवड्यास आम्ही नवी आवृत्ती चढवीत असू. त्याबरोबर जुने पॉड जात, नवे येत, आणि आकडा शून्यापासून सुरू होई. एक, दोन, फार तर तीन. त्यात पाहण्यासारखे काय होते?

त्या रात्री उशिरा आम्ही कपाट उघडून काकांच्या वह्या काढल्या. पानोपानी तेच होते. 'मंगळवार, पहाटे ३.१०. अहवालवाला फुगला. बंद-चालू केला. आता कोणी वापरीत नाही म्हणून आताच.' चार दिवसांनी पुन्हा. पुन्हा तीन दिवसांनी. कार्यक्रमाची खोट त्यांस कळण्यासारखी नव्हती. पण तो सकाळच्या गर्दीत पडेल हे त्यांस पक्के कळले होते, आणि तसे होऊ नये म्हणून वर्षानुवर्षे ते पहाटे तीनला त्याला हाताने उतरवून पुन्हा चढवीत होते. एका पानावर तांबड्या शाईने लिहिले होते: 'दिवसपाळीस कळविले. उत्तर नाही.' महिनाभराने आणखी एकदा तेच.

दिवसपाळी म्हणजे आम्ही. ते कळविणे आम्हांस आठवले नाही. आजही आठवत नाही.

तिसऱ्या रविवारी हे सारे ऐकून झाल्यावर वडिलांनी एकच विचारले. "त्या सोमवारी सकाळी, पडायच्या आधी, टॅली काय दाखवीत होती?"

"तीनपैकी तीन."

"आणि शेरा?"

शेऱ्याचा रकाना आम्ही ठेवलाच नव्हता. आकडे ठेवले होते, आलेख ठेवले होते, संख्या कमी झाली तर वाजणारी घंटा ठेवली होती. संख्या बरोबर असताना वाजेल अशी घंटा ठेवण्याचे कोणास सुचले नाही.

आता ती ठेवली आहे. कोणत्याही कंटेनरने जागच्या जागी पुन्हा उभे राहावे लागले की, मग टॅली जुळत असो वा नसो, नोंद होते. आणि ती नोंद आवृत्ती बदलल्याने पुसली जात नाही. अहवालांची खोट काढून टाकली. बदलाव्या लागल्या त्या अवघ्या काही ओळी. काकांच्या घरी आम्ही त्याच महिन्यात जाऊन आलो. ते विरारला राहतात. दुपारी मेहुण्याच्या स्टेशनरीच्या दुकानात बसतात. आम्ही जे सांगावयास गेलो होतो ते सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पत्नीस चहा ठेवावयास सांगितले आणि म्हणाले, "माझं अक्षर वाचता आलं ना?" त्यांस परत बोलवावे असे आम्ही कार्यालयात सुचविले होते. ते झाले नाही. दुसऱ्या वहीची शेवटची चाळीसेक पाने कोरी आहेत; घंटा वाजली की त्यांवर आम्ही आता हाताने लिहितो. तरुण सहकाऱ्यांस याची मौज वाटते.

अलीकडे रुग्णांना लघुसंदेश पाठविणारा एक पॉड दर गुरुवारी रात्री दोनच्या सुमारास एकदा पडून उठू लागला होता. प्रत्येक कंटेनरला ठराविक अंतराने 'आहेस का?' असे विचारले जाते. एका सेकंदात उत्तर आले नाही, आणि असे लागोपाठ तीनदा झाले, की त्यास पुन्हा उभे करतात. हा नेमका गुरुवारीच उत्तर देत नसे. स्मृती ठीक, नोंदी स्वच्छ. आम्ही तिघांनी तीन आठवडे डोके घातले. मागल्या शनिवारी काकांचा फोन आला. ते मधूनमधून विचारपूस करतात. बोलता बोलता आम्ही हे सांगितले.

"गुरुवारी रात्री माहितीच्या साठ्याचा बॅकअप लागतो ना अजून?" त्यांनी विचारले. "तो चालू असला की सगळेच उशिरा बोलतात. तो बघा."

सोमवारी पाहिले. तेच होते. वहीत तारीख घालून लिहिले, आणि शेऱ्यापुढे त्यांचे नाव.